मोयनाकच्या शाळेत एक पेटी

राजधानीहून पेटी आली.
सही मी केली. बाई वर्गात होत्या
आणि शिपाई मी आहे.
वर छापलेलं : चला, महासागर वाचवू या.
इयत्ता चौथी ते सहावी.
खाली बारीक अक्षरांत : ओलाव्यापासून दूर ठेवा.

मी हसलो. ओलावा!
इथून पाणी दीडशे किलोमीटर मागे गेलंय,
जे काही उरलंय ते.
समुद्रात उभं राहून कोरडं :
दुसरीकडे ही म्हण असेल,
इथे तो आमचा पत्ता आहे.

पेटीतून निघाले प्रवाळाच्या चित्रांचे पत्ते,
अठरा म्हटलेले, भरले सतरा;
खारटपणा मोजायची काचेची नळी,
लाटांचा निळा तक्ता,
आणि मुठीएवढा रबरी देवमासा.
पोटावर लिहिलेलं : खरी लांबी तीस मीटर.

"तीस मीटर म्हणजे केवढं?" पोलातनं विचारलं.
बीबीझादा बाईंनी मला सुतळीचा गुंडा आणायला सांगितला.
दर मीटरला एक गाठ,
आणि सगळा वर्ग कड्यावरून खाली,
जिथे बोटी वाळूत उभ्या आहेत.

एक टोक नाळेला बांधलं,
दुसरं घेऊन झियावात पळाला.
सुकाणूपाशी पोचला तरी हातात सात गाठी शिल्लक.
"देवमासा मोठा! देवमासा मोठा!"
सात मीटरनं बोट हरली.

मी बोललो नाही
की या बोटीवर मी तीन वर्षं जाळी ओढली,
की पोलातनं बूट टेकवलाय
तिथे माझं अंथरूण असायचं.
आमच्या पाण्यात देवमासा कधीच नव्हता.
कार्प होते, ब्रीम होते,
डब्यांत बसून आमच्यापेक्षा लांब जायचे.
पण मोजणी ती मोजणी.
मी सुतळी गुंडाळली.

नळीचा प्रयोग दुसऱ्या दिवशी.
पुस्तिकेत होतं : समुद्राचं पाणी घ्यावे.
बाईंनी नळाचं घेतलं.
नळी तरंगली, खुणेच्या वर,
थोडीशीच, पण वर.
वर्ग गप्प. हेच चहात जातं.
ते जिभेला ठाऊक होतं,
डोळ्यांनी आज पाहिलं.

शेवटचं पान : समुद्रासाठी मी काय करीन?
पोलात : नळ बंद करीन.
झियावात : नळ बंद करीन. (शेजारी बसतो.)
इंजूगुलचं पान कोरं.
ती फळ्याच्या कोपऱ्याकडे बघत होती,
जिथे रोज खडूनं लिहितात, आज ड्यूटीवर,
आणि पुढे एक नाव.
फळा, केर, बादली, जे काही बिघडेल ते त्याच्या माथी.

"बाई, समुद्र गेला
त्या दिवशी ड्यूटीवर कोण होतं?"

मी दारात होतो.
वाटलं, आता बाई कालवे सांगतील,
दोन नद्या, दूरचं कुठलं तरी ऑफिस, मेलेली माणसं.
खरंच आहे ते. तक्त्यावर बाण काढून दाखवता येतं.

बाईंनी डस्टर खाली ठेवलं.
"मी तुझ्याएवढी होते," त्या म्हणाल्या,
"सप्टेंबर लागला की शाळा बंद,
आम्हाला कापूस वेचायला न्यायचे.
दिवसाला वीस किलो सांगितलेला.
मी बावीस वेचायची.
माझं नाव फळ्यावर यायचं,
कोपऱ्यात नाही, मधोमध.
नदी तो कापूस प्यायला.
मला निळी फीत मिळाली."

इंजूगुलनं पेन्सिल उचलली, परत ठेवली.
घंटेची वेळ टळून गेली होती.
ती चूक माझी.

सगळे गेल्यावर नळीखालचं पाणी
मी फाटकाजवळच्या साक्सौलांना घातलं.
मुलांनी चाळीस रोपं लावली होती.
सोळा जगली.
सतराव्याचं अजून काही ठरत नाही.